वरची ओळ

फॅक्स कसा वाचायचा हे मला आमच्या कार्यालयातल्या शिपाईभाऊंनी शिकवलं. मी घरातला पहिला पदवीधर, वडील गावतळ्यात मासे धरणारे. फॅक्स तोवर पाहिलाच नव्हता. "मजकूर मागून वाचजो बाबू," ते म्हणाले. "आधी वरची बारीक ओळ पाहजो. कागद कवा निघाला, ते तिथी असते."

पुढे ते मशीन बिघडलं आणि जिल्ह्याचे फॅक्स ई-मेलला जोडून येऊ लागले. मला संगणक येतो म्हणून ते काम माझ्याकडे आलं. भाऊ म्हणायचे, "तुयं मशीन मुकं हाये बाबू. आमचं निदान बोंबलत तरी होतं."

त्या वर्षी चामोर्शीजवळच्या गावी त्यांची बायको अंथरुणाला खिळली होती. पाणी द्यायला शेजारीण तेवढी. भाऊंनी चामोर्शीला बदली मागितली होती. आदेश यायचा राहिला होता. रोज झाडू मारता मारता ते विचारत, "आला का माहा कागद?"

"नाई आला, भाऊ." मी न पाहताच सांगायचो. फायलींना नावाऐवजी नुसते आकडे असत, आत बहुतेक परिपत्रकंच. शाई वाचावी म्हणून मी आठवड्याच्या साऱ्या फायली सोमवारी सकाळी एकदम उघडून छापत असे.

एका शुक्रवारी सकाळी गावाहून फोन आला. बायको गेली होती. भाऊ मिळेल त्या बसनं निघाले.

सोमवारी मी फायली उघडल्या. दुसरीच त्यांची बदली होती, 'तात्काळ कार्यमुक्त करावे' असं लिहिलेली. आदल्या सोमवारी दुपारी आलेली. त्यानंतर तीन दिवस मी त्यांना 'नाई' म्हटलं होतं.

तेरवी करून भाऊ सामान न्यायला आले. मी त्यांना आदेशाची झेरॉक्स दिली. काढताना वरची पट्टी कागदानं झाकली होती. त्यांनी सवयीनं आधी तिथंच पाहिलं.

"वरची ओळ कुठी गेली, बाबू?"

मी खण उघडला आणि मूळ प्रत काढून दिली. तारखेवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

"मंगळवारी इचारलं होतं ना तुले," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता.

मग कमरेची कार्यालयाची किल्ली सोडून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. मूळ प्रतीवर पोच म्हणून सही केली आणि सहीखाली, कुणी न सांगता, कागद हाती पडल्या दिवसाची तारीख घातली.