बटण बंद केल्यावर

मी चौथीपर्यंत शिकलेलो. पण विठ्ठलवाडीकडच्या आमच्या बिल्डिंगीचं सगळं वायरिंग मी एकट्याने केलेलं, त्यामुळे पोरांना सर्किटची आकृती अडली की ती इंजिनियरांकडे न जाता माझ्याकडे येतात.

त्या दुपारी समोरच्या घरातली सातवीतली मुलगी वही घेऊन आली. तिने बल्ब काढलेला, तारा काढलेल्या आणि बटण परतीच्या तारेवर. मी काट मारली.

"बटण फेजवर. करंट ज्या तारेने येतो, तिच्यावर."

"कुठेही काढलं तरी बल्ब विझतोच ना, आजोबा? पुस्तकात चालतं."

"पुस्तकात सेल आहे गं. घरात परतीची तार तोडलीस तर बल्ब विझतो, पण होल्डरमध्ये करंट बसून राहतो. हात लागायची वाट बघत."

"आमच्या आतल्या खोलीतला बल्ब बंद केला तरी दिसतो थोडा. आजी म्हणते, आबा आहेत."

माझ्या वायरिंगमध्ये असलं होत नाही. म्हटलं, चल, दाखव.

तिच्या आजीने, म्हणजे वहिनींनी, खिडकी लावून घेतली. बटण मी स्वतः बंद केलं. एलईडी विझला नाही. शिळ्या ताकासारखा फिकट उजेड तसाच राहिला, आणि त्याच्या खाली उदबत्तीचं घर.

"हे जातच नाहीत बघा," वहिनी म्हणाल्या.

तिचे आबा माझे दोस्त. याच जागी, बटण बंद करून, जुना बल्ब बदलायला स्टुलावर चढलेले आणि खाली पडले ते उठलेच नाहीत. चक्कर आली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. खांदा दिला.

लाल तार म्हणजे फेज, एवढ्यावर माझा हात चालायचा. टेस्टर लावणाऱ्यांना मी हसायचो. आता खालच्या मजल्यावरून टेस्टर मागून आणला, स्टुलावर चढलो, बल्ब काढून होल्डरला लावला. बटण बंद, आणि टेस्टर पेटला. तेव्हा आठवलं. या मजल्यावर लाल तार संपलेली. दोन्ही काळ्याच ओढल्या, अंदाजाने जोडल्या. बल्ब लागला, मी निघालो.

खालून पोरीने विचारलं, "आजोबा, माझी आकृती बरोबर होती?"

"बरोबर होती. या खोलीची होती."

मी खाली उतरलो. "वहिनी, तो चक्कर येऊन पडला नाही. बटण मी चुकीच्या तारेवर बसवलंय."

त्यांनी होल्डरखालचं उदबत्तीचं घर उचलून बाजूला ठेवलं. "म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या चुकीला उदबत्ती लावत होते."

मी मेन बंद करून तारा बदलल्या. बल्ब लावला, मेन चालू केला, बटण बंद केलं. खोलीत पुरता काळोख झाला. पोरगी खिडकीकडे निघाली.

"राहू दे गं थोडा वेळ," वहिनी म्हणाल्या.

मी टेस्टर परत केला नाही. त्या मजल्यावर अजून तीन घरांत काळ्याच तारा आहेत. शेजारच्या दारावर थाप मारली.