हिरवा दिवा लुकलुकतोय तोवर

मी दिव्यांबद्दल लिहिते. म्हणजे मशीनवरच्या बारक्या एलईडी दिव्यांबद्दल, आणि त्यांना ताब्यात ठेवणाऱ्या कर्नलबद्दल. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कुठला दिवा कधी लागायचा, किती उजेडाने, हे तो सांभाळतो. ते इंजिनियरांना समजेल असं लिहून काढणं ही माझी नोकरी. मी लिहिलेलं ते वाचत नाहीत, तो भाग वेगळा.

त्या दुपारी ‘हार्टबीट’ नावाच्या सोयीवर लिहीत होते. ती लावली की कर्नल स्वतःच दिवा लुकलुकवत राहतो, हृदयाच्या ठोक्यासारखा: दोनदा, जरा थांबून पुन्हा दोनदा. टेबलावरच्या सर्किट-बोर्डावर एक छोटी मोटर चालवणारा प्रोग्रॅम सुरू होता. काहीतरी तपासायचं म्हणून मी तो बंद केला. मोटर थांबली. दिवा मात्र मजेत लुकलुकत राहिला.

बरोबरच होतं ते. कर्नल जिवंत आहे, एवढंच तो दिवा सांगतो. मी तसं टाइप केलं आणि मला घरचा दिवा आठवला.

घरी अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उशाशी ऑक्सिजनचं मशीन होतं. त्याचा हिरवा दिवा अस्साच लुकलुकायचा, दोनदा आणि थांबून दोनदा. मशीन आलं तेव्हा आई त्याच्यासमोरून हलेना, झोपेना. शेवटी मीच, घरातली शहाणी, कागदावर ठळक लिहून भिंतीला चिकटवलं: ‘हिरवा दिवा लुकलुकतोय तोवर काळजी नाही.’ जगासाठी माहितीपुस्तकं लिहिणाऱ्या मी त्या मशीनचं माहितीपुस्तक उघडूनही पाहिलं नव्हतं. आतली मोटर थांबली तरी तो दिवाही असाच लुकलुकत राहिला तर?

घरी फोन केला. आईने उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा तेच.

स्कूटर कशी काढली आठवत नाही. मोटर बंद पडली तर बझर वाजेल, असं स्वतःला समजावत होते; पण बझरला सांगणारा प्रोग्रॅमच अडकला असला तर? आमच्या वस्तीत, गोकुलममध्ये, शिरले तर योगाचा वर्ग नुकताच सुटलेला, चटया काखेत मारून परदेशी मंडळी रस्ताभर पसरलेली. श्वास घ्यायला शिकायला इतक्या लांबून येतात. मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही.

आईने डोळे चोळत दार उघडलं. “एनायतु, काय झालं गं? इतकी गाबरी होऊन आलीस?”

“फोन का उचलत नाहीस?”

“डोळा लागला गं. हिरवा लाइट लुकलुकतोय की, नोडु, बघ.”

आत अप्पा निपचित पडलेले. दिवा लुकलुकत होता. मी नळी त्यांच्या नाकापासून जराशी सरकवून तळहात धरला. काही कळेना, हातच घामाने गार पडला होता. मग ती गालाशी धरली, तेव्हा हवेची बारीक झुळूक लागली. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले.

आमचं घर रंगाऱ्यांचं. आजोबा रंगवलेलं कापड दिव्याखाली कधी पास करत नसत. अंगणात नेऊन उन्हात धरायचे, तेव्हाच खरा रंग मानायचे. त्यांच्या मुलाला मी एका दिव्याच्या भरवशावर सोडून रोज कामाला जात होते.

भिंतीवरचा कागद मी ओढून काढला आणि आईला सगळं सांगितलं. माझ्या हातातल्या त्या कागदाकडे ती बघत राहिली.

“मग आता मी कशाकडे बघून झोपू?”

तिने खुर्ची पलंगाला लावली आणि नळीपाशी तळहात धरून बसली.