दोर मेव्हण्यानं धरायचा

दत्तू शेडीत वर पंचवीस फुटांवर लटकत हुता, आन खाली त्याचा मेव्हणा दोराचं शेपूट दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून हुभा हुता.

निखिल सर चहा पिऊन आले. त्यांनी वर बगितलं, मग खाली बगितलं.

"हे कोण?"

"माझा मेव्हणा," दत्तू वरनं बोलला.

"ते ठीक आहे. पण हे आत काय करतायत?"

"दोर धरतोय."

"दत्तू, तुझा दोर वर लोखंडी बीमला बांधलाय. दोन ठिकाणी."

"व्हय सर. ते तुमचं झालं. हे आमचं."

सरांनी हात जोडले आन मेव्हण्याला बाहेर काढलं. त्यो गेला, पर गेटच्या जाळीला नाक लावून हुभा राहिला. शिकवणीचा त्यो चौथा दिवस. दुसऱ्या दिवशी परीक्षा.

म्या हे स्टोअरच्या दारातनं बगत हुते. माझं काम तिथंच.

कामथडीच्या पुढं, हायवेपासनं आत, आमची पत्र्याची उंच शेड हाय. हितं दोरावर लटकून काम कराय शिकवतात. पुण्यातल्या काचंच्या बिल्डिंगी धुवायच्या, पवनचक्कीची पाती दुरुस्त करायची, टाकीला रंग द्यायचा, तर आता परांची बांधत बसत न्हाईत. माणूस वरनं दोरावर येतो आन काम करून खाली जातो. त्याला कार्ड लागतं. कार्ड न्हाई तर कंपनी गेटातनं आत घेत न्हाई. चार दिवस शिकवणी, पाचव्या दिवशी परीक्षा. परीक्षा घेणारा साहेब बाहेरचा लागतो. ज्यानं शिकवलं त्यानंच पास करायचं न्हाई, असा नियम हाय. आमच्या गावात शिकवाय बी एकच मास्तर हुते आन पास कराय बी तेच. म्हणून मी दुसरी पास हाय.

माझ्याकडं दोर. धुवायचे, सावलीत वाळवायचे, मग सगळा दोर हळूहळू बोटांतनं सोडायचा. कुठं मऊ लागला, कुठं गाठाळ लागला, तर तिथं खूण करून बाजूला. सरांकडं दोरांची वही हाय, माझ्याकडं बोटं. दोन्ही जुळलं तरच दोर बाहेर जातो. एकदा वही म्हणाली चांगला, आन बोटं म्हणाली न्हाई. सर आधी हसले. मग दोर कापून बगितला. तवापासनं हसत न्हाईत.

आता दत्तूची अडचण सांगते. ह्या कामात माणसाला दोन दोर असतात. पयल्या दोरावर त्यो बसतो, त्याच्यावर खाली उतरायचं यंत्र असतं. दुसऱ्या दोरावर एक चिमटा असतो. ते त्याला बॅकअप म्हणतात. माणूस सावकाश चालला की चिमटा गुमान संगं येतो. माणूस एकदम खाली गेला की दात लावतो आन धरून ठेवतो. पर एक गोष्ट. चिमटा मुठीत दाबून धरला तर त्याला दात लावता येत न्हाईत. मग त्यो असून नसल्यासारखा.

दत्तू वेल्ह्याकडचा, डोंगरातल्या वाडीचा. चाळिशीचा असंल. शेरडं राखणारा, आन कड्यावरची आग्या मोहळं काढणारा. पुण्याच्या पोरांना जे दोन दिवस जमलं न्हाई, ते त्यानं जेवायच्या आधी केलं. पर उतराय लागला की त्याचा डावा हात चिमट्यावर. गच्च. सर वराडायचे, "हात सोड!" ह्यो सोडायचा. दोन फूट खाली आला की परत मूठ.

ह्याच मुठीपायी मागल्या खेपंला त्यो नापास झाला हुता. पवनचक्कीवाली कंपनी त्याला घ्याय तयार हुती, पर ह्या परीक्षेपतुर थांबणार. तवाबी कार्ड न्हाई मिळालं तर दुसरा माणूस घेणार. आन घरात बायकोनं सांगितलेलं, आता मोहळाला जायचं न्हाई, पोरं मोठी झाली. म्हणजे कार्ड न्हाई तर ह्याला कडा बी न्हाई आन पवनचक्की बी न्हाई.

दुपारी त्यो स्टोअरात दोर टाकाय आला. म्या पाणी दिलं.

"आजी, तुमी तरी सांगा सरांना. मेव्हण्याला आत घ्या म्हणावं."

"त्यो काय करणार हाय रं? दोर बीमला हाय."

"आमच्याकडं दोर मेव्हण्यानंच धरायचा असतो."

मला ठावं हुतं. मी बी त्याच डोंगरातली. आमच्यात मोहळाला माणूस कड्याखाली उतरला की वर दोर बायकोचा भाऊ धरतो. सख्खा भाऊ बी न्हाई चालत. सख्ख्या भावाला वाटणीचं काय मनात येईल, सांगता येत न्हाई. पर मेव्हण्यानं दोर सोडला तर त्याचीच बहीण उघडी पडती. म्हणून त्यो सोडत न्हाई.

"म्हणून त्या चिमट्यावर माझा भरवसा बसत न्हाई," दत्तू म्हणाला. "सर म्हणतात त्यो आपसूक धरतो. का धरंल? त्याला काय बहीण हाय?"

म्या हसले न्हाई. त्यो खरंच इचारत हुता.

"दत्तू, माझ्या मालकांचा दोर माझ्या भावानं धरला हुता," म्या म्हणाले.

त्यो पाणी पिता पिता थांबला.

"त्यानं सोडला न्हाई. मालक खाली गेले तरी त्यो धरूनच हुभा हुता, दोराचं वरलं टोक हातात घिऊन. लोकांनी बोटं सोडवली त्याची. दोर बी चांगला हुता. घायपाताच्या वाखाचा, म्याच वळलेला. दगडाच्या धारंवर घासला आन तुटला. मेव्हण्यात खोट न्हवती, दोरात न्हवती. दोर एकच हुता, येवढंच."

त्यानं ग्लास खाली ठेवला.

"मग आजी, तुमी हितं दोराचंच काम का धरलं?"

"दुसरं काय येतं मला?"

मग म्या निखिल सरांना हाक मारली. सर आले, "आता काय आजी?" अशा तोंडानं.

"सर, सरपंचाला लटकवा."

सरपंच म्हणजे आमचा वाळूचा बाहुला. जखमी माणूस खाली कसा आणायचा ते त्याच्यावर शिकवतात. वजनानं ऐंशी किलो, आपणहून काही करत न्हाई, चौघांनी उचलावा लागतो. नाव पोरांनी ठेवलंय.

"आजी, बाहुला पाडून मी दुसऱ्याच दिवशी दाखवलंय सगळ्यांना," सर म्हणाले.

"तुमी चिमटा मोकळा ठेवून दाखवलं. मूठ कुठं दाखवली? आन त्या मेव्हण्याला बी आत घ्या."

"त्याला कशाला?"

"हात त्याचाबी सुटाय पायजे."

सरपंचाला सहा फुटांवर दोन दोरांना लावलं. खाली गादी. म्या माझं डोक्याचं फडकं काढलं, चिमट्याला गच्च गुंडाळलं आन गाठ मारली. "ही दत्तूची मूठ," म्या म्हणाले. सरांनी पयला दोर मोकळा केला.

सरपंच सरळ गादीवर आला. आवाज असा झाला की गेटावरचं कुत्रं उठून गेलं. मेव्हणा भिंतीला टेकला.

परत वर घेतला. फडकं सोडलं. सरांनी दोर मोकळा केला. सरपंच वीतभर खाली गेला आन थांबला. नुसता हलत राहिला.

मग मेव्हणा पुढं गेला, चिमट्याला खालनं-वरनं बगितलं.

"दाजी," त्यो दत्तूला म्हणाला, "ह्यो माझ्यापरीस बेस धरतोय."

"तू तंबाखू मळाय एक हात सोडतोस," दत्तू म्हणाला.

"एकदाच सोडला हुता."

"मी तवा खालीच हुतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. केरळकडचे, बुटके, हिंदी बोलणारे. कागद आन पेन. छोटी चूक असली तर कागदावर खूण करतात आन पुढं जाऊ देतात. मोठी असली तर तिथंच खाली बोलावतात, कार्ड ऱ्हायलं. मुठीत चिमटा ही मोठी.

परीक्षेला बाहेरच्या माणसाला शेडीत घ्याय बंदी. मेव्हणा गेटावर हुभा ऱ्हायला असता तर दत्तूनं शंभरदा तिकडं बगितलं असतं. म्हणून म्या त्याला स्टोअरात घेतलं, दार लोटलं आन बादलीत दोर दिला. "धू," म्हणाले. खिडकीतनं शेड दिसत हुती. त्यानं दोर हातात घेतला आन तसाच धरून बसला.

"अरं, धुवायचाय त्यो. गळा दाबायचा न्हाई."

"व्हय आजी." पर धरलेलाच.

दत्तू चढला. चांगला चढला. वर एका दोरावरनं दुसऱ्या दोरावर जायचं असतं. तिथं दर खेपंला कमीत कमी दोन दोर अंगाला पायजेत, न्हाईतर मोठी चूक. त्यानं आधी लावलं, मग सोडलं. बरूबर केलं. साहेबांनी मान हलवली.

मग उतराय लागला. अर्ध्यात आला आन डावा हात वर गेला. चिमट्यापाशी. बोटं वाकली.

साहेबांचं पेन कागदाजवळ गेलं. निखिल सर भिंतीकडं बगाय लागले. माझ्या शेजारी मेव्हण्यानं दोर इतका आवळला की त्यातनं पाणी गळाय लागलं.

दत्तू खाली बगत हुता. गेटाकडं. तिथं कुणीच न्हवतं.

किती येळ गेला सांगता येत न्हाई. त्यानं हात मागं घेतला. तळवा पँटीला पुसला, एकदा, दोनदा, आन मांडीवर ठेवून दिला, लग्नात फोटो काढताना ठेवतात तसा. मग सावकाश उतरला. चिमटा त्याच्या संगं गुमान आला.

साहेबांनी कागदावर खूण केली. छोटी. हेल्मेटचा पट्टा ढिला हुता म्हणून. दत्तू पास झाला.

त्यो स्टोअरात आला तवा मेव्हण्यानं इचारलं, "दाजी, मला बगत हुतात का?"

"न्हाई. तू गेलास का ते बगत हुतो."

दोघं टेम्पोत बसून गेले. दत्तू आता साताऱ्याकडं पवनचक्क्यांवर असतो. मेव्हण्यानं मोहळं सोडली, शिवऱ्याला हायवेवर भाजी इकतो. बहीण खूश हाय म्हणतात.

महिन्याभरानं निखिल सरांनी नवीन फॉर्म छापून आणला आन मला वाचून दाखवला. नाव, वय, वजन, चक्कर येते का. त्याच्याखाली एक नवीन ओळ. 'याआधी दोरावर गेला असल्यास, दोर कोण धरत असे?' पुण्याची पोरं ती मोकळी सोडतात. डोंगरातली भरतात. मेव्हणा, मेव्हणा, एकदा सासरा. परवा एकानं बायको लिहिलं. सर फॉर्म घिऊन माझ्याकडं आले, आता ह्याचं काय करायचं म्हणून.

म्या त्याला बोलवून इचारलं, "भांडता का रं घरात?"

"रोज," त्यो म्हणाला.

ह्याला पयल्याच दिवशी सरपंच दाखवा, असं म्या सरांना सांगितलं. माणसाच्या हातात नवीन दोर द्यायच्या आधी जुना कुणाच्या हातात हुता ते इचारून घ्यावं. शिकवणीचा एक दिवस वाचतो.