लोकरीच्या वाती

लग्न होऊन आष्ट्याला आले तेव्हा सासरी दोन तऱ्हेच्या वाती वळाव्या लागत, देवाच्या कापसाच्या आणि इंजिनाच्या लोकरीच्या. आमचे हे शेंगा फोडायच्या गिरणीत वाफेच्या इंजिनावर होते. इंजिनाच्या सांध्यांवर पितळी कप बसवलेले असत. कपात तेल, तेलात वातीचं एक टोक, दुसरं मधल्या नळीत सोडलेलं. लोकर तेल ओढून घ्यायची आणि थेंब थेंब खाली सोडायची. चालत्या इंजिनाला हात लावायची गरजच नसे. एकदा मी कापसाच्या दिल्या, तर म्हणाले, "देव घेतोय चालवून, इंजिन न्हाई घेत." तेव्हापासून कवठे महांकाळकडची एक धनगरीण लोकर आणून द्यायची, हे एक टोक धरायचे आणि मी पीळ घालायची.

लढाईत पितळेचा भाव चढला आणि गिरणीच्या शेठनं कप काढून विकले. ह्यांच्या हातात लांब चोचीचं तेलाचं डबडं दिलं आणि म्हणाला, "हात हायेत की तुला." हे मला सगळं पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगत होते. माझं डोकंच फिरलं.

"फिरत्या दांड्यात हात घालणार तुमी? आवं, सरळ न्हाई म्हणा की."

"मी न्हाई म्हटलं तर दुसरा हुबा ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ दे."

हे भाकरी कुस्करत बसले. त्या दिवसापासून हे घरी आले की मी आधी हात बघायची आणि मग तोंड.

पौषात ह्यांची बाही दांड्यात अडकली. उजवा हात कोपरापासून गेला. सांगलीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा शेठ दारात येऊन "नशीब" म्हणाला. मेल्याच्या जिभेला हाड नव्हतं. तो गेल्यावर मी चुलीपुढं बसून राहिले. पेटवायचं कशासाठी, तेच कळेना.

मग कळलं, ह्यांच्या जागी नवा गडी आलाय आणि शेठनं इंजिनावर पुन्हा कप बसवलेत. पाठोपाठ त्याचा दिवाणजी दारात आला.

"वैनी, वाती द्या. बाजारात मिळंनात."

मी केरसुणीच उचलली होती. एवढ्यात बाजेवरून ह्यांचा आवाज आला.

"दे त्येला."

"का म्हणून द्यायच्या? तुमाला काय दिलं त्यांनी?"

"त्या नव्या गड्याला दोन हात हायेत अजून."

मी केरसुणी टाकली. फडताळातून लोकर काढली. ह्यांनी डाव्या हातानं टोक धरलं. टोक सारखं सुटत होतं, हे पुन्हा धरत होते. शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी पीळ घालत गेले, पण एकही वात सैल होऊ दिली नाही.

पुढं ह्यांना कुणी कामावर घेतलं नाही. वाती मात्र गिरणी बंद होईपर्यंत आमच्याच घरून जात होत्या.