रूथची बकरी आणि माझं फिनाइल

बकरीने लाथ झाडली ती थेट माझ्या गुडघ्यावर. दुसरी लाथ तीन आठवड्यांच्या पोरीला बसायची, पण गोठा सांभाळणाऱ्या सोनाबाईंनी तिला झटकन उचललं. पोरीने टाहो फोडला. सकाळपासून तिच्या पोटात थेंब नव्हता आणि ऊन आता डोक्यावर आलं होतं.

घोटाळा सगळा माझाच होता.

मी तेव्हा धुळ्याला गुरांच्या दवाखान्यात असिस्टंट होतो. साक्रीबाहेर मिशनचं एक अनाथ मुलांचं घर होतं. तिथल्या गोऱ्या मॅडमची चिठ्ठी आली, एका बकरीची कास दगडासारखी झाली आहे, ताबडतोब या.

साहेब म्हणाले, "एका बकरीसाठी साक्री?"

"साहेब, तिथली मुलं बकऱ्यांच्याच दुधावर आहेत."

"मग निघा. आणि डिसइन्फेक्शन कडक करा."

कडक म्हणजे किती, ते काही ते बोलले नाहीत. आणि मी नवा नवा, हुरूप दांडगा! या रोगाला आम्ही मॅस्टायटिस म्हणतो, गावात दगडी म्हणतात. धार काढणाऱ्याच्या हातांनी तो एका कासेतून दुसऱ्या कासेत जातो. आजारी बकरी मी वेगळी बांधली. गोठा फिनाइलने धुतला. उरलेल्या बकऱ्या आणि त्यांची करडं कार्बोलिक साबणाने घासून काढली. पोरीचे कपडेसुद्धा उकळून घेतले आणि तिला आंघोळ घालायला लावली. मॅडम "गुड, गुड" म्हणत होत्या. सोनाबाई काहीतरी सांगायला पुढे आल्या होत्या, पण मी कसला ऐकतोय!

तिथली पद्धत मला ठाऊकच नव्हती. बाटलीवरची मुलं उन्हाळ्यात हगवणीने हातची जायची. बाटली कितीही उकळा, माशा काही हटत नाहीत. म्हणून तान्ह्या मुलाला एक बकरी नेमून द्यायची आणि मूल थेट तिच्याच आचळाला लावायचं. त्या वेळी तान्हं एकच होतं, ही रूथ. डोंगरातल्या एका पाड्यावरची. आई बाळंतपणात गेली, बापाने टोपलीत घालून आणून सोडली. गाईचं दूध तिला पचत नव्हतं, ओकून टाकायची. तिची भिस्त एका मोरी नावाच्या बकरीवर.

आणि तीच मोरी आता तिला जवळ येऊ देईना. स्वतःचं करडूसुद्धा ढुशी मारून हाकललं. दोघांनी धरून पिळायला गेलो, तर पान्हा चोरला. पसाभरही दूध निघालं नाही. रूथचं रडणं बारीक होत चाललं होतं.

"डॉक्टर, व्हॉट हॅज हॅपन्ड?" मॅडमनी विचारलं.

मला काय माहीत! पुस्तकात हे नव्हतं.

सोनाबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, बठ्ठा वास धोवाई गया. बकरी वासवर वळखस, डोयावर नही."

म्हणजे पोरीचा आणि करडाचा सगळा वास मीच धुवून काढला होता. "मग आता?"

"तुम्ही दूर व्हा. तुमना हातले औषधना वास शे."

झालो दूर. सोनाबाई मोरीपाशी फतकल मारून बसल्या. दूध जेमतेम चार थेंब निघालं, ते तळहातावर घेतलं. रूथच्या टाळूला चोळलं, पाठीला चोळलं. तोच ओला हात मोरीच्या नाकावरून फिरवला. मग पोरीला मोरीच्या पुढ्यात धरून नुसत्या बसून राहिल्या. हाक नाही की ओढाताण नाही. मोरीने नाकातून फुर्र केलं. मान फिरवली. पुन्हा हुंगलं. बाई हलल्या नाहीत.

आणि मग मोरीने रूथची टाळू चाटली. चाटतच राहिली. सोनाबाईंनी पोरीला अलगद खाली सरकवलं. कास भरून आलेली मी डोळ्यांनी पाहिली. रूथच्या नरड्यातून घटाघट आवाज यायला लागला. मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, का ते आजही सांगता येणार नाही.

"हे कुठे शिकलात, बाई?"

"शिकनू कोठे? मलेबी माय नव्हती. याच घरमा बकरीनं पाजं मले."

धुळ्याला साहेबांनी विचारलं, "ट्रीटमेंट काय दिली?"

"आजारी बकरीला शेक आणि मलम. चांगल्या बकरीला मी बिघडवलं, तिथल्या बाईंनी दुरुस्त केलं."

"रिपोर्टात असं लिहिता येत नाही."

"लिहिलंय, साहेब."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सही केली. पुढे दर महिन्याला मी तिथे जात राहिलो, बकऱ्या तपासायला. फिनाइल आजही वापरतो. पण बाटली उघडण्याआधी गोठा सांभाळणाऱ्या बाईला विचारतो, आणि ती बोलत असेल तर तोंड बंद ठेवतो. वर्षभराने मॅडमचं कार्ड आलं. रूथला दात आले होते आणि ती मोरीला चावायला लागली होती, म्हणून दूध तोडावं लागलं.