बुरूलकानचा जुना कॅमेरा

...तर नारिन शहराच्या दवाखान्यात आमची बुरूलकान एजे, म्हणजे सगळ्यांची थोरली ताई, दार अडवून उभी राहिली. फुप्फुसांतला रक्तप्रवाह ती तीस वर्षं एकाच जुन्या गॅमा कॅमेऱ्यावर तपासत आलेली. आत मेंढपाळ ओमुरझाक धापा टाकत होता. गुठळीचा संशय होता आणि मूत्रपिंडं आधीच अधू. तरी नव्या सीटी यंत्रासाठी त्याच्या शिरेत मूत्रपिंडांना घातक रंगद्रव्य टोचायचा मोठ्या डॉक्टरांचा हुकूम! का, तर यंत्राच्या उद्घाटनाचा मेंढा कापून झाला होता. डोकं फिरणार नाही तर काय!

"एजे, बाजूला व्हा. पाहुणे फोटोसाठी थांबलेत. तुमच्या खटाऱ्यात चित्र धूसर येतं."

"धूसर येऊ दे, साहेब. रक्त कुठं अडलंय ते त्यात कळतं, आणि त्याची मूत्रपिंडंही वाचतात. फोटोच हवा असेल, तर तुम्ही झोपा त्या यंत्रात!"