घरात घड्याळ आहे का?

मॅडमनी हातातल्या पेनानं माझ्या आईच्या पायांकडे दाखवलं आणि म्हणाल्या, "हे लिहून घ्या. पायांची अजिबात निगा नाही. आरोग्याबद्दल अनास्था."

सहा जणांनी लिहून घेतलं. सातवी मी. मीही लिहून घेतलं.

आई पडवीत पाटावर बसली होती. तिनं पाय साडीखाली ओढून घेतले. ते पाय कशानं फाटले होते ते मला ठाऊक होतं. खाडीतल्या खडकांवर कालवं असतात. त्यांच्या शिंपल्या पात्यासारख्या. रोज त्यावर चालणाऱ्या बाईच्या टाचा तशाच होतात. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

घर आमचं. पडवी आमची. आणि मी पाहुण्यांच्या बाजूला उभी.

तेव्हा मी टीवायबीएला होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं कॉलेज म्हणजे एका व्यापारी इमारतीचे वरचे दोन मजले. खाली मेडिकल आणि झेरॉक्सचं दुकान. फक्त कला शाखा. मराठी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, बस. समाजशास्त्राला आम्ही सात जण. पुढच्या वर्षी मुलं आली नाहीत तर विषय बंद होईल असं मॅडम सारखं म्हणायच्या. म्हणून त्या वर्षी त्यांनी प्रोजेक्ट जोरात करायचं ठरवलं. एका गावाचं सर्वेक्षण. पेपरात वीस गुण त्याचे.

"जवळपास एखादं जुनं गाव आहे का?" त्यांनी वर्गात विचारलं.

मी हात वर केला. कॉलेजच्या जिन्यातून आमच्या घराची कौलं दिसायची. सरकारनं घेतलेल्या आमच्या शेतावरच नव्या शहराचे ते सेक्टर उभे होते. पण तीन वर्षांत मी कोणाला ते घर दाखवलं नव्हतं.

"अगं, तू इथली स्थानिक का?" मॅडम म्हणाल्या. "वाटत नाहीस!"

मला आनंद झाला. लिहायला जड जातं, पण झाला होता. घरी 'हाय' आणि कॉलेजात 'आहे', हे तीन वर्षं सांभाळल्याचं ते बक्षीस होतं.

ठरलं की सगळे नऊ वाजता येणार. आदल्या रात्री मी आईला सांगितलं.

तिनं बोटांवर मोजलं. "उद्या दशमी. दीडला पानी पार उतरल. मी बाराला निंगन. त्यांचा काय ता आदी उरकून घे."

मी म्हटलं, नऊला येतायत, अकराला जातील. आणि चांगली साडी नेस. आईनं हळदीला नेसायचं लुगडं काढलं. सकाळी आठला तयार होऊन बसली.

ते आले पावणेअकराला.

"सॉरी यार, वडापाव खात बसलो," मेघना म्हणाली. मेघना माझी बाकावरची मैत्रीण. वडील बँकेत, घर सेक्टरातल्या सोसायटीत. मनानं वाईट नव्हती. तिनं आल्या आल्या आईला वाकून नमस्कार केला आणि मला हळूच म्हणाली, "एकदम पिकनिक स्पॉट आहे गं तुझं घर."

मॅडमनी प्रश्नावलीची पानं वाटली. सायक्लोस्टाइल केलेली, शाईचा वास येणारी. चाळीस प्रश्न. "हिच्या घरापासून सुरुवात करू, सगळ्यांना नमुना कळेल. तूच भर गं. नंबर अकरा टाक." दहा नंबर मॅडमनी स्वतः आधीच कुठल्या तरी दुसऱ्या वस्तीत भरले होते. माझी आई अकरा नंबर.

शिक्षण? निरक्षर. चूल की गॅस? दोन्ही. संडास? तिथं मेघना आत जाऊन बघून आली आणि तिनं नाही म्हणून मान हलवली. मी खूण केली.

"घरात घड्याळ आहे का?"

"व्हता. बंद परला," आई म्हणाली.

"मग मावशी, वेळ कशी कळते तुम्हाला?"

आई हसली. "कलते ना. तिथी धरायची, आनि तिची..."

"असू दे, असू दे. हो की नाही एवढंच हवंय." मॅडम माझ्याकडे वळल्या. "नाही कर."

मी नाहीवर खूण केली.

"व्यवसाय?"

"खाडीवर जाते."

कागदावर पाच पर्याय छापलेले होते. शेती, नोकरी, मजुरी, दुकान, काही नाही. खाडी त्यात नव्हती. मॅडमनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. "शेती गेली ना तुमची? मग 'काही नाही'त टाक."

मी 'काही नाही'वर खूण केली. कागद लावलेली फळी माझ्या हातात होती, पेन माझ्या हातात होतं. कोणी माझं बोट धरलं नव्हतं.

ऊन उंबऱ्यातून सरकत पायरीवर आलं. आई त्याकडे बघत होती. मीही. बारा झाले होते. सगळे आमच्याच पडवीत बसून नमुना कसा भरायचा यावर बोलत होते. आईनं दोनदा चहा केला. मग कोणीतरी कॅमेरा काढला.

"काकी, ती टोपली डोक्यावर घ्या ना. अशा उभ्या राहा. जरा हसा ना काकी, टेन्शन घेतल्यासारख्या काय दिसताय!"

हळदीचं लुगडं, डोक्यावर रिकामी पाटी. आई अंगणात उभी राहिली. तीन फोटो झाले. पावणेदोनला ते शेजारच्या आळीत गेले.

खाडी आमच्यापासून अर्ध्या तासावर. ती पोचेपर्यंत पाणी परत चढायला लागलं असतं. आईनं पाटी खाली ठेवली, लुगडं सोडून घडी घातली.

"आता जाऊन काय करू? पानी बगू?" एवढंच म्हणाली. त्या दिवशी बाजारात तिची जागा रिकामी राहिली.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना तिनं विचारलं, "बाय, माझा काय लिवलंस गो?"

"खाडीवर जाते असं लिवलं."

"बरा केलास."

ही खरी गोष्ट. बाकीचं सगळं त्यानंतरचं.

पुढे महिन्याभरानं कॉलेजात सेमिनार झाला. अर्थशास्त्राच्या वर्गात बाकं लावली, फळ्यावर रंगीत खडूनं गावाचं चित्र. विद्यापीठातून एक पाहुणे सर आले होते. टाइप केलेल्या रिपोर्टचं एकेक पान एकेकानं वाचायचं. मॅडमनी माझं पान माझ्या हातात दिलं. "स्थानिक विद्यार्थिनीनंच वाचलं की इफेक्ट येतो."

मी ते तिथंच, उभ्या उभ्या पहिल्यांदा पाहिलं.

वर आईचा फोटो चिकटवलेला. खाली ओळ: 'कामाला निघालेली स्थानिक महिला'. त्याखाली निष्कर्ष: 'बहुतांश महिलांना व्यवसाय नाही. घरात घड्याळाचा अभाव. ग्रामस्थांमध्ये वेळेची जाणीव विकसित झालेली नाही.'

फोटोत कामाला निघालेली. खालच्या ओळीत काम नाही. टाइप करणाऱ्यानं बघितलं नव्हतं, तपासणाऱ्यानं बघितलं नव्हतं. बघायची गरजच वाटली नव्हती कोणाला.

मी पहिलं वाक्य वाचलं. दुसऱ्यापाशी थांबले. घाबरले नव्हते. कंटाळा आला होता. तीन वर्षांचा कंटाळा एकदम. 'आहे' म्हणायचा, कौलं न दाखवायचा, वाटत नाहीस म्हटलं की हसायचा.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "हे मीच भरलंय. आणि खोटं आहे."

वर्गात कोणीतरी खुसखुसलं.

मी फळ्याकडे गेले. पांढरा खडू घेतला. "त्या दिवशी दशमी होती. तिथीची पाऊणपट करायची. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती पूर्ण. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे दीड. आईला बाराला निघायचं होतं. हे तिनं आदल्या रात्रीच सांगितलं होतं, घड्याळाशिवाय. आपण नऊला जाणार होतो. पावणेअकराला गेलो आणि पावणेदोनला उठलो. तिचा दिवस बुडाला. वेळेची जाणीव कोणाला नाही ते परत तपासायला लागेल."

मेघना खाली बघत होती. पाहुण्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग हसले.

"इंटरेस्टिंग. लोकज्ञान म्हणून वेगळी तळटीप द्या मॅडम."

तळटीप. पानाच्या तळाला, बारीक अक्षरात. मी खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी स्टाफरूममध्ये बोलावलं. ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडायच्या नाहीत. डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"मी तुझ्या घरी आले. तुमच्या घरचा चहा प्यायले मी. आणि तू परक्या माणसासमोर माझा अपमान केलास?"

चहा प्यायले. त्यांच्या लेखी उपकार होता तो. मला तेव्हाच कळलं.

"मॅडम, त्या दोन ओळी काढा."

"एका घरासाठी रिपोर्ट बदलत नसतात. स्वच्छ प्रत आहे, सही कर. सही नसेल तर प्रोजेक्टचे गुण मला पाठवता येणार नाहीत. तुझं नुकसान होईल म्हणून सांगते."

नुकसान काय ते मला चांगलं माहीत होतं. एका शाळेत क्लार्कची जागा जूनमध्ये भरणार होती. बीए झालीस तर ये, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. घरात पदवीधर कोणी नव्हतं. पास होणं ही माझी हौस नव्हती.

मी अकरा नंबरचा कागद मागितला. त्यांना वाटलं सहीसाठी. मी 'काही नाही'वरची खूण खोडली आणि बाजूला लिहिलं: खाडीवर जाते. कालवं, चिंबोऱ्या, निवट्या. स्वतः काढते, स्वतः विकते. घड्याळाच्या प्रश्नाखाली लिहिलं: गरज नाही. मग सही केली. त्या कागदावर. स्वच्छ प्रतीवर नाही. घरी आईला एवढंच सांगितलं, कॉलेजच्या एका कागदावर सही केली नाही.

प्रोजेक्टात शून्य आलं. लेखी पेपरात ऐंशीपैकी तेहतीस. पासला पस्तीस लागायचे. दोन गुणांनी गेले. ग्रेसचं विचारलं, ऑफिसातले म्हणाले, प्रोजेक्टात शून्य असलं की नाही देत. खरं की खोटं, मी पुढे विचारलं नाही.

निकालाचा कागद घेऊन घरी आले. आई कालवं फोडत होती. कोयत्याचा एक ठोका, शिंपली उघडी, गर वाटीत.

"आये, नापास झाले."

ठोका थांबला नाही. "त्या कागदापायी?"

"हो. आये, त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले. खाडीवर जाते असं लिवलंच नव्हतं. काही नाही, असं लिवलं होतं."

"मना ठाव हाय."

"कसं?"

तिनं कोयता खाली ठेवला. "तू येक रेघ मारलीस. मी बगत व्हते. खाडीवर जाते लिवाला येक रेघ पुरते?"

मग तिनं कोयता उचलला आणि परत कामाला लागली.  रागावली असती तर बरं झालं असतं. निरक्षर म्हणून मी जिच्यापुढे खूण केली होती, तिनं माझी ती खूण वाचली होती. आणि तरी 'बरा केलास' म्हणाली होती. चार लोकांत उभ्या पोरीला दुसरं काय लिहिता येणार, असं तिनं धरलं असावं.

ऑक्टोबरला बाहेरून बसले, पूर्ण शंभराचा पेपर दिला, पास झाले. जूनची जागा ऑक्टोबरपर्यंत कोण ठेवतंय. दोन वर्षांनी दुसरीकडे लागले. आज एका कार्यालयात हेड क्लार्क आहे. दिवसभर लोकांचे फॉर्म माझ्या टेबलावरून जातात. 'काही नाही' दिसलं की मी माणसाला बसवते आणि विचारते, सकाळी उठून काय करता? हाताखालच्या पोरी वैतागतात. वैतागू देत.

आईच्या गुडघ्यांनी आता दम सोडलाय. अर्ध्या खाडीत भराव पडलाय. कॉलेजला स्वतःची इमारत झाली. मागच्या महिन्यात तिथल्या एका तरुण प्राध्यापकाचा फोन आला. आवाज गोड, आदबशीर.

"मॅडम, तुम्ही मूळच्या स्थानिक ना? मुलांना गावात आणायचं होतं. प्रोजेक्ट आहे. तुमच्या आईंशी जरा गप्पा."

मी म्हटलं, प्रश्न आधी पाठवा. छापील पर्याय नकोत. मी आईला वाचून दाखवीन. तिला पटले तर ती वेळ देईल, आणि ती वेळ ती ठरवेल. तुम्ही जे लिहाल ते जमा करायच्या आधी तिला वाचून दाखवायचं. ती नाही म्हणाली तर फाडायचं.

"एवढं जरा अवघड आहे मॅडम," तो म्हणाला. "गुण पाठवायची तारीख जवळ आलीय."

"मग येऊ नका."

फोन ठेवला. आईनं विचारलं कोण होतं. सांगितलं. तिनं मान हलवली.

तेव्हा वीस वर्षांची होते, फळी माझ्या हातात दिली होती. आता माझ्या घराची पडवी हवी असेल तर माझ्या आईच्या वेळेवर यायचं. आणि ती रेघ, माझ्या हातानं, परत नाही.